जेमीच्या मापाची रायफल

३ सप्टेंबर १९६८, मंगळवार

आजपासून मराठीत लिहितो. इंग्रजी वही मिसेस डॉब्सने वाचली. घरमालकीण खोली झाडायला म्हणून येते, आणि चहा देताना म्हणते, "जेमिमा. गोड नाव आहे." भाडं थकलंय म्हणून गप्प बसलो, नाहीतर कप फेकला असता. कार्डिफच्या कॉलेजात फेकला होता. कप नव्हता, काचेचं भांडं होतं, आणि समोर डेमॉन्स्ट्रेटर उभा होता. म्हणून तर सेकंड इयर अर्धवट टाकून इथे स्लाऊला एका कारखान्याच्या गोदामात खोकी रचतोय. बाबा तिथल्या हॉस्पिटलात लोकांच्या छातीतलं ऐकतात आणि माझ्याशी फोनवर पावसापाण्याचं बोलतात.

आज क्लबची संध्याकाळ. आमच्या कारखान्याचा रायफल क्लब म्हणजे कँटीनमागचा लांब बोळ. गादीवर पालथं पडायचं आणि पंचवीस यार्डांवरच्या कार्डावरची काळी वर्तुळं फोडायची. बाकी सगळे वेळ घालवायला येतात. जेमी पेणकर मात्र मारते. पगाराच्या ऑफिसात टायपिंग करते. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. घरात मराठीच, वडील मुंबईहून आलेले. क्लबची जुनी रायफल तिच्या खांद्याला इतकी लांब होते, की गाल टेकवायला तिला मान ताणावी लागते. ती मान मी बघत बसतो. क्लबचे कॅप्टन गॉडार्ड म्हणाले, "शशी, निशाण तिकडे आहे."

एक डिसेंबरला कौंटीच्या टीमची निवड. तिला स्वतःची रायफल हवी.

"विंडसरच्या दुकानात एक आहे. बर्मिंगहॅमची. डॅडी घेऊन देतायत. दुकानवाला महिनाभर बाजूला ठेवणार आहे."

"कारखान्यातली म्हणजे रेडीमेड कोट," मी म्हटलं. "कुठल्यातरी सहाफुटी गोऱ्याच्या मापाचा. मी तुझ्या मापाची बनवून देतो."

"तू? साधं स्टूल तरी बनवलंयस कधी?"

"वर्षभर वर्कशॉप केलंय कॉलेजात."

"आणि दुसऱ्या वर्षी काय केलंस ते सगळ्या स्लाऊला माहितीय." हसली. मग हसू पुसून म्हणाली, "मला डिसेंबरच्या आधी हवी, शशी. हातात रुळायला वेळ लागतो. होणार असेल तर हो म्हण, नाहीतर मी विंडसरची घेते."

मी हो म्हटलं. विकत घेऊन तर कोणीही देईल.

१७ सप्टेंबर

आज क्लबात तिचं माप घेतलं. कोपराच्या आतल्या बाजूपासून बोटाच्या पेरापर्यंत. गालाच्या हाडापासून खांद्यापर्यंत. तिचे वडील, इमॅन्युएलकाका, कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "शशी, बंदूक शिवतोस का ब्लाउज?" सगळे हसले. मी नाही.

अक्रोडाचं लाकूड रेडिंगच्या दस्ते बनवणाऱ्याकडून आणलंय. नळी आणि लोखंडाचं काम तोच करणार, म्हातारा प्रॅट. रायफलचा लाकडी भाग म्हणजे दस्ता. तो मीच कोरणार. दस्ता एकदा तिच्या अंगाला बसला की ती रायफल दुसऱ्या कुणाला चालणार नाही, आणि तिलाही दुसरी चालणार नाही. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "दुसरी का नाही चालणार?" तिला अजून यातलं कळत नाही.

२८ सप्टेंबर

विंडसरला जाऊन आलो. दुकानदाराला सांगितलं, मिस पेणकरांना रायफल नको आहे, ठेवू नका. त्याने विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं, फियान्से. म्हणताना छान वाटलं. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे ती घेतली. बरं झालं, आता तिचं मन दोन्हीकडे राहणार नाही.

१५ ऑक्टोबर

कुठून तरी कळलं तिला. गादीवरून उठून सरळ माझ्यापुढे आली.

"तू सांगितलंस दुकानात?"

"तुमचे पैसे वाचवले."

"डॅडींचे पैसे, माझी रायफल. तुला कोणी सांगितलं होतं वाचवायला?"

"जेमी, मी तुझ्यासाठी हाताला फोड आणतोय."

तिने माझा हात धरला, उलटा करून बघितला. फोड होतेच. हात सोडला आणि गेली. पण हात धरला होता.

२६ ऑक्टोबर

प्रॅट म्हणतो नळी ख्रिसमसनंतर. मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली. तो म्हणाला, "पोरा, आपटायची तर घरी जाऊन आपट." जेमीला काय सांगू? नोव्हेंबरअखेर म्हणून सांगितलं. शिवाय तोपर्यंत क्लबची रायफल धरू नकोस म्हटलं, चुकीची सवय लागेल. ती म्हणाली, "म्हणजे काहीच मारू नको?"

थोडी कळ सोसायला नको का माणसाने?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जेमीकडे नवी कोरी फॅक्टरीची रायफल. बर्मिंगहॅमचीच. पेटी उचलून आणली सियोनने.

हा सियोन लंडनच्या चष्म्याच्या दुकानात काम करतो. त्यांच्यातलाच, घरोब्यातला. रायफल मिळवून दिली त्याने. मारता येत नाही, बोलतानाही अडखळतो. दस्ता लांब होता तर इमॅन्युएलकाकांनी मागून चक्क करवतीने बोटभर कापला आणि वर रबर ठोकलं. त्या कापलेल्या, रबर ठोकलेल्या रेडीमेड वस्तूने तिने आज शंभरातले अठ्ठ्याण्णव मारले. मान ताणली नाही एकदाही.

काका म्हणाले, "निवड झाली तर मलिदा करणार. नवस बोललोय एलियाहू हन्नबीला." एलियाहू त्यांचा प्रेषित. मलिदा म्हणजे त्यांच्याकडचे गोड पोहे, खोबरं आणि फळं घालून. नवसाला करतात, नाहीतर लग्न ठरलं की.

मी घरामागच्या शेडमध्ये आलो, पटाशी घेतली, दस्त्याकडे बघत बसलो. एक घावही घातला नाही.

१९ नोव्हेंबर

क्लबच्या आधी कँटीनमध्ये सियोन रांगेत पुढे होता. "च-च-चहा," म्हणाला. मी मागून म्हटलं, "त्याला त-त-तीन कप द्या, तेवढेच मागितलेत." पोरं टेबलं बडवून हसली. सियोनही हसला, कानापर्यंत लाल होऊन. बिचाऱ्याला अभिमान कसा तो नाही.

जेमी नाही हसली. तिच्या हातात ट्रे होता, तो तिने तसाच ठेवला आणि न जेवता गेली. त्याच्याबद्दल लाज वाटली असणार.

१ डिसेंबर, रविवार

खरं ते लिहायचं ठरवलंय, तर लिहितो.

निवडीत दोन कार्डं. पहिल्याच्या आधी सरावाच्या गोळ्या, मग चहा, मग दुसरं कार्ड सरावाशिवाय आणि दुर्बीण न लावता मारायचं, म्हणजे गोळी कुठे लागली ते मारणाऱ्याला दिसत नाही. जेमीने पहिल्यावर नव्व्याण्णव मारले. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जणू माझाच विजय. सियोन थर्मासमधून चहा ओतत होता. तिच्यासाठी आधी, मग स्वतःसाठी. ती त्याच्या कपातून प्यायली.

मी कप ठेवायला म्हणून आत गेलो. रायफली घोडीवर रांगेने ठेवलेल्या. तिच्या रायफलची मागची साइट, म्हणजे नेम धरायचं भोक, आणि त्याचं बटण. रेडिओचं स्टेशन बदलावं इतकंच फिरवलं. टिचक्या वाजतात त्याला. किती वाजल्या ते मोजलं नाही.

त्यात वाईट काय? त्या रायफलवर भरवसा ठेवू नये हेच तर मी तीन महिने सांगत होतो. आज तिला ते दिसलं.

दुसरं कार्ड कॅप्टननी खाली आणलं. दहाच्या दहा वर्तुळांत गोळी काळ्याच्या उजवीकडे, एकाच जागी, पोस्टाचा शिक्का मारावा तशी. एकही आत नाही. दहा गोळ्या फुकट. मी तर म्हणतो एखादी तरी चुकून लागायला हवी होती. कॅप्टन गॉडार्ड कितीतरी वेळ ते कार्ड बघत राहिले. मग काकांना बोलावलं. मग जेमीला. कोणी तिला एक शब्द बोललं नाही, उलट कॅप्टननी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दया आली असेल.

"नियम आहे, मला बदलता येत नाही," म्हणाले. "मेमध्ये परत निवड आहे."

काकांनी मोठ्याने विचारलं, "चहाच्या वेळी आत कोण होतं?"

जेमीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. खोलीत वीस माणसं होती, सियोन होता, तिचा बाप होता. अशा वेळी तिची नजर पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

५ डिसेंबर

क्लबमध्ये नवीन नियम. चहाच्या वेळी बोळाला कुलूप. चोऱ्या होत असतील. मला गुरुवारी टाकलंय, नवशिक्यांबरोबर. त्यांना शिकवायला कोणी तरी हवाच होता.

१० डिसेंबर

ती आली. इथे. मिसेस डॉब्सच्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, कोट न काढता, दारात.

"तुझी रायफल कुठवर आली?"

"द-दस्ता अर्धा झालाय." सियोनसारखं झालं माझं.

"पुरी कर ना, शशी. तूच म्हणत होतास, फॅक्टरीची चालत नाही. बघितलं मी." मग आत येऊन दस्त्यावरून हात फिरवला. "मी दर मंगळवारी येत जाईन. माझ्या डोळ्यांदेखत कोर. घाई नाही आता."

दर मंगळवारी. तिने स्वतः म्हटलं.

१४ जानेवारी १९६९

प्रॅटकडून नळी आली. लायसन्ससाठी पोलिसाने येऊन खोलीतलं कपाट तपासलं, कुलूप ओढून बघितलं. लोखंड तिथे ठेवलंय, शेडमध्ये फक्त लाकूड.

जेमी सहाला येते, पावणेसातला जाते. कुठे जायचं असतं विचारलं तर म्हणते, "काम." मी दस्ता तिच्या खांद्याला लावतो, ती गाल टेकवते, डोळा मिटते.

"इथे टोचतं. थोडं काढ."

मी कानस मारतो. ती परत टेकवते.

"अजून थोडं."

माझ्या आयुष्यात कोणी माझ्याकडे इतक्या शांतपणे काही मागितलं नव्हतं.

जाताना जमिनीवरचा भुसा आणि छिलके कागदी पिशवीत भरून नेते. म्हटलं, कशाला? म्हणाली, "तू काढलेलं फुकट का घालवायचं?" असं कोण करतं? केसांची बट जपून ठेवतात लोक.

११ फेब्रुवारी

गालाची बैठक आता अगदी तिच्या गालाची झाली असं मला वाटतं. तिला नाही वाटत. मागच्या मंगळवारी डावीकडून काढलं, आज म्हणाली आता उजवीकडून, तोल गेलाय. मग खालून. तिची नजर फार बारीक आहे. मी एकदा म्हटलं, "जेमी, लाकूड काढलं की परत लावता येत नाही."

"माहितीय मला," म्हणाली.

बाबांचा फोन. कॉलेज परत घ्यायला तयार आहे, माफीचं पत्र दे म्हणाले. मी म्हटलं, मला इथे काम आहे. "काय काम?" "कोरीव." मग म्हणाले, "इकडे धुकं आहे."

११ मार्च

प्रॅटला दस्ता दाखवायला नेला. मनगटापाशी, म्हणजे जिथे मूठ धरतात तिथे, अंगठा आणि बोट लावून बघितलं त्याने.

"हे कोणाच्या सांगण्यावरून काढलंस?"

"जिची आहे तिच्या."

"नेमबाज आहे का ती?"

"कौंटीतली सर्वांत चांगली."

त्याने दस्ता परत माझ्या हातात दिला, अलगद, जणू अंडं. "मग तिला चांगलं कळतं ती काय करतेय ते. तू थांब आता, पोरा. इथे लाकूड उरलं नाही."

मी त्याला म्हातारा हेकट म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. गिऱ्हाईक स्वतःचं माप जाणतं याचा हेवा.

१५ एप्रिल

मधले दोन मंगळवार ती आली नाही. पहिला कशाने ते ठाऊक नाही, दुसरा त्यांच्या पेसाहच्या सणाचा. आज आली. निळा स्कार्फ. मी तिला सांगून टाकायचं ठरवलं होतं, सगळं, पहिल्या दिवसापासून. तोंड उघडलं तर ती म्हणाली, "आधी हे. मनगटाजवळ अजून थोडं."

"प्रॅट म्हणतो उरलं नाही."

"प्रॅटसाठी बनवतोयस का?"

मी कानस घेतली. ती माझ्या अगदी जवळ उभी, हातांकडे बघत. कानशीच्या तिसऱ्याचौथ्या फेऱ्याला आवाज आला, सुकं बिस्किट मोडावं तसा. दोन तुकडे. सात महिने.

मी रडलो, लिहायला लाज नाही. ती नाही घाबरली, नाही ओरडली. दोन्ही तुकडे उचलले, एकमेकांना लावले, मधल्या फटीतून खिडकीकडे बघितलं, साइटमधून बघतात तसं.

"आता बरोबर बसली," म्हणाली.

मला हसवायचा प्रयत्न केला तिने. अशा वेळीही. मग खाली बसून छिलके भरले, तेही तुकडे घेतले, आणि पावणेसातला गेली.

११ मे

निवड झाली म्हणे जेमीची. दोन्ही कार्डांवर नव्व्याण्णव. फॅक्टरीच्याच रायफलने. कॅप्टन म्हणतात हिवाळाभर एक मंगळवार चुकवला नाही पोरीने, सातच्या ठोक्याला हजर. त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय. मंगळवारी ती माझ्याकडे असायची.

२७ मे

ती गोदामाच्या फाटकाशी आली. रविवारी मलिदा आहे, ये म्हणाली. "डॅडींचा नवस. आणि दुसरंही एक आहे, ते तिथेच कळेल."

दुसरंही एक. मला ठाऊक आहे मलिदा आणखी कशासाठी करतात. त्यांच्यात मुलाला असंच बोलावत असतील, थेट विचारत नसतील. मी हिंदू, म्हणून काकांना सहा महिने लागले असतील.

हाय स्ट्रीटवरून अंगठी घेतली. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तिने हो म्हटलंय का?" मी म्हटलं, बोलावलंय. मग म्हणाले, तिकडे पाऊस आहे का.

१ जून, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

सूट घातला. दार सियोनने उघडलं. "य-ये शशी," म्हणाला आणि डोकं झाकायला टोपी दिली. पुढच्या खोलीत पंधरा माणसं, मधे मोठं ताट. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर केळी, खजूर, सफरचंदं, मधोमध गुलाब. हवा गार होती म्हणून काका शेगडी पेटवत होते. कागदी पिशवीतून मूठमूठ काहीतरी आत टाकत होते.

"अक्रोड काय मस्त पेटतो," मला म्हणाले. "हिवाळाभर पुरला. तुझे उपकार, शशी."

पिशवीच्या तळाला दस्त्याचे दोन तुकडे होते. ते त्यांनी माझ्यासमोर टाकले, आधी एक, मग दुसरा. गालाची बैठक मी ओळखली.

प्रार्थना झाली. हिब्रूत, मला कळली नाही. मग काका मराठीत म्हणाले, नवस दोन होते. एक निवडीचा. दुसरा, जेमिमा आणि सियोनचं ठरलंय, ऑगस्टात लग्न. टाळ्या. सियोन उभा राहिला आणि एक वाक्य बोलला, पुरं, न अडखळता. घोटून घोटून पाठ केलं असणार. मग माझ्याकडे बघून कानापर्यंत लाल झाला.

अंगठी खिशात होती. मी ती मुठीत धरली.

जेमीने स्वतः मलिदा वाढला. सगळ्यांना एकेक मूठ, मला दोन. बशी माझ्या हातात देताना वाकली आणि इतक्या हळू बोलली की फक्त मला ऐकू गेलं.

"चार टिचक्या होत्या, शशी. परत फिरवताना मोजल्या मी." मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "खा ना. टाकायचा नसतो."

मी खाल्ला. सगळा. तिने उभं राहून बघितलं.

बाहेर आलो तर काका फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "मी पोलिसांत जाणार होतो डिसेंबरातच. पोरगी म्हणाली, नको डॅडी, मी बघते." फाटक ओढून घेतलं आणि कडी लावली. आतून.

२ जून

कामावर गेलो नाही. दिवसभर एकच विचार.

चार. म्हणजे तिला त्याच दिवशी कळलं होतं. रागावून आयुष्यात तोंड बघितलं नसतं माझं, कोणीही. आणि ती आली. सगळं ठाऊक असताना, सियोन असताना, थंडीत, मंगळवारामागून मंगळवार, माझ्या शेडमध्ये, हातभर अंतरावर उभी राहिली. अजून थोडं, अजून थोडं म्हणाली. माणूस असं कोणासाठी करतं?

लग्न ऑगस्टात आहे. म्हणजे जून आहे, जुलै आहे.

अंगठी परत केली, दुकानदाराने कुरकुर केली पण घेतली. उद्या रेडिंगला जाऊन अक्रोडाचं नवीन लाकूड बघतो. प्रॅटची माफीही मागीन, लागली तर. मापं आहेतच माझ्याकडे.